उत्तर दरवर्षी बदलणारा गृहपाठ

२०२४च्या जूनमध्ये विभागप्रमुखांनी मला बोलावून वेळापत्रकाचा कागद पुढे सरकवला. बीबीए तृतीय वर्ष, विषय ‘प्रकल्प व्यवस्थापन’, आठवड्याला चार तास. आधी शिकवणारे सर नोकरी सोडून गेले होते. मी कॉस्टिंग शिकवते. “आकडेमोडच आहे, जमेल तुम्हाला,” असं म्हणत त्यांनी वर एक पेन ड्राइव्ह दिला. त्यात २१२ स्लाइड होत्या.

इंदूरच्या एका खासगी कॉलेजातली ही गोष्ट प्रकरण म्हणून लिहून काढते आहे. अभ्यासक्रमात विषय येऊन बसतो आणि त्याचं साहित्य मागाहून कधीतरी येतं, हे आपल्याकडे नेहमीचंच. साहित्य शोधताना मी कुठे फसले आणि काय हाती लागलं, एवढंच इथे आहे.

वर्गात ५८ मुलं. निम्मी हिंदी माध्यमातली, धार, देवास, खरगोनकडची. दहा-बारा इंदूरच्याच मराठी घरांतली. वर्गात बोलायची भाषा हिंदी, पाटीवरची इंग्रजी, आणि माझ्या टिपणांची मराठी. शिकवून संपवायला १५ आठवडे आणि तयारीला जेमतेम दोन.

शेल्फवर काय होतं

ग्रंथालयात या विषयाची दोनच पुस्तकं निघाली. एक सिव्हिलच्या मुलांसाठी, काँक्रीट ओतण्यापासून सुरू होणारं. दुसरं एमबीएसाठी, त्यात पहिली ८० पानं प्रकल्पाचं मूल्यमापन, म्हणजे पैसा गुंतवणं परवडेल का हे सांगणारी एनपीव्ही आणि आयआरआर ही मापं. माझ्या मुलांना ते दुसऱ्या पेपरात होतंच. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात विकली जाणारी कुंजी मात्र सगळ्यांकडे होती. तिच्यात प्रकल्पाच्या सात व्याख्या सापडल्या.

मग जालावर शोध सुरू केला. इथे पहिली चूक झाली. मी ‘चांगलं पुस्तक’ शोधत होते. एकच जाडजूड, सगळं असलेलं, ज्याच्या मागे लपता येईल असं. साहजिकच अमेरिकेतल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटच्या पीएमबॉक मार्गदर्शिकेवर जाऊन आदळले. तिच्या २०१७च्या सहाव्या आवृत्तीत दहा ज्ञानक्षेत्रं आणि ४९ प्रक्रिया आहेत. २०२१च्या सातव्या आवृत्तीत तो सगळा सांगाडाच बाजूला ठेवून बारा तत्त्वं आणि आठ कार्यक्षेत्रं मांडली आहेत. हे कळायला मला चार दिवस लागले, कारण पेन ड्राइव्हमधल्या स्लाइड दोन्हींतून उचललेल्या होत्या. ३७व्या स्लाइडवर दहा क्षेत्रं, ११०व्या स्लाइडवर आठ. कोणी मुलाने विचारलं असतं तर मी काय सांगणार होते, देव जाणे. कोणी विचारलं नाही, आणि नंतर मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

पीएमबॉक वाईट नाही, पण ते काम करून बसलेल्या माणसासाठी आहे. ज्याने आयुष्यात एकही कंत्राट पाहिलेलं नाही त्या वीस वर्षांच्या मुलाला ४९ प्रक्रियांची सारणी देणं म्हणजे पोहायला शिकवण्याआधी हौदाचा नकाशा पाठ करून घेणं.

एनपीटीईएल आणि स्वयमवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत. कामांच्या नेटवर्कची, म्हणजे कोणतं काम कोणत्यानंतर याच्या जाळ्याची, आकडेमोड त्यांच्यावरून मी स्वतः शिकले, हे कबूल करते. पण ती इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी, तासाला धरून चाललेली. आमच्या वर्गात पहिली दहा मिनिटं झाली की मोबाइल बाहेर. इग्नूच्या ईज्ञानकोशावरचे पाठ मला जास्त उपयोगी पडले. ते मुळातच एकट्याने शिकणाऱ्यासाठी लिहिलेले असल्यामुळे प्रत्येक दोन-तीन पानांनी थांबून प्रश्न विचारतात. असे थांबे माझ्या टिपणांत अजिबात नव्हते.

खरी सोय केली ती कॅनडातल्या बीसीकॅम्पसच्या मुक्त पाठ्यपुस्तकाने. एड्रियन वॉट यांचं हे पुस्तक फुकट उतरवून घेता येतं. पण फुकटपणापेक्षा महत्त्वाचा त्याचा परवाना. क्रिएटिव्ह कॉमन्सचा ‘बीवाय’ परवाना असल्यामुळे श्रेय दिलं की त्यातला धडा कापा, जोडा, भाषांतर करा, स्वतःची उदाहरणं घाला, कोणाला विचारायला नको. परवान्यात ‘एनडी’ ही अक्षरं असती तर तसंच्या तसं वाटता आलं असतं, पण बदललेलं वाटता आलं नसतं. साहित्य शोधणाऱ्या शिक्षकाने मुखपृष्ठाआधी ही दोन-चार अक्षरं पाहावीत. मी त्यातले सहा धडे घेतले आणि हिंदी-मराठी मिसळून आटोपशीर केले.

झेरॉक्सचा प्रश्न स्टाफरूममध्ये निघालाच. एक सहकारी म्हणाल्या, “पुस्तकातली पानं वाटलीस तर कोणीतरी नोटीस पाठवेल.” असं सरसकट नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने काढलेल्या प्रतींना सूट आहे. दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स दुकानाच्या खटल्यात २०१६मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती सूट बरीच मोकळी करून वाचली. तरी अख्खं पुस्तक छापून वाटायला मी धजावले नाही, आणि त्याची गरजही पडली नाही.

पहिले तीन आठवडे

एवढं सगळं गोळा करून मी जुलैत वर्गात उभी राहिले. तीन आठवडे स्लाइड, धडे, व्हिडिओचे तुकडे. सिडनीचं ऑपेरा हाउस सांगितलं, कारण ते प्रत्येक पुस्तकात असतं. १९५९ला काम सुरू, चार वर्षांत सत्तर लाख डॉलरमध्ये उरकायचं होतं. १९७३ला उघडलं, खर्च दहा कोटी वीस लाखांवर. आकडे जोरदार आहेत, वर्ग शांत होता. मला वाटलं, मुलं भारावली. शेवटच्या बाकावरून हात वर आला. “मॅडम, ऑपेरा म्हणजे काय?”

पुढच्या तासाला मी सरदार सरोवर सांगितलं. ५ एप्रिल १९६१ला पायाभरणी, १७ सप्टेंबर २०१७ला लोकार्पण. इथे मुलं बोलली. निमाडातल्या एकाच्या मामांचं गाव बुडितात गेलं होतं, त्याने सांगितलेलं माझ्या कुठल्याच स्लाइडवर नव्हतं. हितसंबंधी म्हणजे कोण, हे वर्गाला त्या दिवशी कळलं. पण त्यातून करायचं काय? धरणाचं वेळापत्रक काही आम्ही बनवणार नव्हतो. मोठी प्रकरणं सांगायला चांगली, हाताला काम द्यायला कुचकामी. केंद्र सरकारचं सांख्यिकी मंत्रालय १५० कोटी आणि त्यावरच्या प्रकल्पांना किती उशीर झाला, खर्च किती वाढला याचे अहवाल काढतं. ते सर्वांसाठी खुले आहेत आणि मी ते वर्गात आणलेही. मुलांनी कारणांची यादी वाचली, भूसंपादन, वनखात्याची परवानगी, कंत्राटदार, आणि वहीत उतरवून घेतली. झालं.

पहिली चाचणी घेतली तेव्हा डोळे उघडले. व्याख्या बिनचूक, पाच प्रक्रियागट बिनचूक. शेवटचा प्रश्न होता : ‘कॉलेजच्या स्नेहसंमेलनाची कामं फोडून दाखवा.’ ५८पैकी ४० जणांनी लिहिलं, नियोजन, संघटन, कर्मचारी नेमणूक, दिग्दर्शन, नियंत्रण. पहिल्या वर्षीच्या व्यवस्थापनाच्या पेपरातलं उत्तर, जसंच्या तसं. स्टेज, माइक, जेवण, यांपैकी एकही शब्द नाही.

त्या संध्याकाळी मी घरी येऊन स्लाइडची फाइल बंद केली. मुलांकडे वाचायला भरपूर होतं, करायला काही नव्हतं. मी शोधायला हवी होती ती एक चौकशी. असा एखादा प्रकल्प, जो त्यांनी पाहिलेला आहे, ज्याचा माणूस भेटू शकतो आणि ज्याची तारीख सरकत नाही.

परदेशीपुऱ्यातली फेरी

कल्पना माझी नाही, आईची. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, “मग झांकीचं का नाही करत?”

इंदूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. अनंत चतुर्दशीच्या रात्री इथे गिरण्यांच्या झांक्या निघतात. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी. गाड्यांवर उभारलेली हलती, दिव्यांनी लखलखणारी पौराणिक आणि सामाजिक दृश्यं जेल रोडवरून, राजवाड्यापुढून रात्रभर जातात. पुढे आखाडे, लेझीम. पहाटेपर्यंत रस्त्यावर माणूस हलत नाही. शंभर वर्षांची परंपरा. गिरण्या बंद पडून बरीच वर्षं उलटली, पण कामगारांच्या समित्या वर्गणी, पालिका आणि विकास प्राधिकरणाची मदत गोळा करून झांक्या काढतातच. वर्गातलं एकही मूल असं नव्हतं ज्याने झांकी पाहिली नव्हती. खरगोनचीही नातेवाइकांकडे येऊन पाहून गेलेली.

वडिलांच्या ओळखीचे एक काका परदेशीपुऱ्यात राहतात. गिरणीत फिटर होते, झांकीच्या सांगाड्याचं आणि मोटरचं काम आयुष्यभर करत आले. मी त्यांना फोन केला, मुलांना घेऊन येऊ का म्हणून. “ये की. पण चौदशीच्या आधल्या आठवड्यात आलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही, सांगून ठेवतो.”

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी सकाळी गेलो. संध्याकाळी मुलींना घरून परवानगी मिळेना म्हणून सकाळ. ५८पैकी ४१ आली. आधी पोहे-जिलबी, मग काम, हा क्रम मी ठरवलेला नव्हता, पण इंदुरात दुसरा क्रम चालत नाही.

मी काकांना प्रश्नांची यादी आधीच दिली होती. त्यांनी ती घडी घालून खिशात ठेवली आणि तासभर स्वतःच्या मनाने बोलले. माझी यादी फुकट गेली, याचा मला आजही आनंद आहे. पुस्तकातला पहिला प्रश्न, ‘प्रकल्प कधी पूर्ण होईल?’, तिथे निरर्थक ठरला. एका मुलीने विचारलं, काम लांबलं तर? काका हसले. “अगं पोरी, चौदशीला झांकी निघते. निघते म्हणजे निघते. लांबते कशी?”

मग लांबत नाही तर काय होतं? “तीन हत्ती ठरले असतील तर दोन होतात.”

वेळ, खर्च आणि कामाची व्याप्ती यांचा त्रिकोण प्रत्येक पुस्तकात असतो. तारीख पंचांगाने बांधलेली, पैसे वर्गणीने बांधलेले, तेव्हा तिसरी बाजू वाकते. तिसरा हत्ती जातो. मी तो त्रिकोण दोन तास शिकवला होता. काकांनी एका वाक्यात संपवला, आणि पुढे वर्षभर वर्गात ‘तिसरा हत्ती’ हाच शब्द चालला. व्याप्ती नकळत फुगत जाते त्यालाही नाव हवं होतं. ते मराठी मुलांनीच पुरवलं : भटाला दिली ओसरी. समितीतला कोणीतरी येऊन म्हणतो, एक कारंजंही टाका की. कारंजं म्हणजे पंप, पंप म्हणजे टाकी, टाकी म्हणजे वजन, वजन म्हणजे गाडीचा सांगाडा पुन्हा.

कामं फोडायचा तोच प्रश्न मी पुढच्या तासाला पुन्हा दिला. या वेळी याद्या लांबच लांब आल्या. पुतळे, सांगाडा, रंग, दिवे, मोटर, जनरेटर, डिझेल, पोलिसांची परवानगी. वरच्या तारांची उंची कोणीतरी लिहिली, मी खूश झाले. याद्या घेऊन काकांना फोन लावला आणि स्पीकरवर वाचून दाखवल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “आणि सकाळी परत कोण आणणार? सोडवणार कोण? लोखंड मोजून ठेवणार कोण? पुढच्या वर्षी तेच वापरायचंय.” खालच्या सगळ्या तुकड्यांची बेरीज पूर्ण कामाएवढी व्हायला हवी, हा शंभर टक्क्यांचा नियम. सोडवणं आणि साठवण एकाही गटाच्या यादीत नव्हती. माझ्याही नव्हती.

सहा दिवसांची सवड

साहित्यातला सगळ्यात कामाचा कागद आम्ही वर्गातच बनवला. काकांशी बोलून एका गाडीपुरती कामं आणि दिवस ठरवले. प्रत्यक्षात समित्यांचं काम याहून पुष्कळ आधी सुरू होतं आणि अधिक गुंतागुंतीचं असतं. हा सरावापुरता सोपा केलेला नमुना.

विषय ठरवून समितीची मान्यता, ४ दिवस. त्यानंतर दोन वाटा फुटतात. एका वाटेवर पुतळे घडवणं १५, रंग ५, पुतळे गाडीवर बसवणं ३. दुसऱ्या वाटेवर लोखंडी सांगाडा ८, त्यावर वायरिंग आणि मोटर ९. पुतळे बसवायला सांगाडाही तयार हवा. शेवटी दोन्ही वाटा जुळून चाचणी २ दिवस.

पहिली वाट : ४ आणि १५ आणि ५ आणि ३ आणि २, एकूण २९. दुसरी : ४, ८, ९, २, एकूण २३. म्हणजे क्रिटिकल पाथ, सगळ्यांत लांब वाट, पुतळ्यांची, आणि दुसऱ्या वाटेवर ६ दिवस मोकळे. या मोकळ्या दिवसांना इंग्रजीत फ्लोट म्हणतात. हिंदीत मुलं ‘गुंजाइश’ म्हणायला लागली. मी माझ्या वहीत ‘सवड’ लिहिलं, आजीचा शब्द.

इथे एक चूक सगळ्या वर्गाने केली आणि ती मला कुठल्याही स्लाइडवर सापडली नसती. तक्त्यात सांगाड्यासमोर सवड ६ येते, वायरिंगसमोरही ६ येते. वर्गात पात्रं वाटून घेतली होती. समितीप्रमुख झालेल्या मुलाने वेल्डरला सांगितलं, तुला सहा दिवस आहेत. मग इलेक्ट्रिशियनला सांगितलं, तुलाही सहा आहेत. वेल्डरने सहा खाल्ले. सांगाडा १२व्या दिवसाऐवजी १८व्या दिवशी उभा राहिला. इलेक्ट्रिशियनने आपले सहा खाऊन ९ दिवस काम केलं, ते ३३व्या दिवशी संपलं. चाचणी २८व्या दिवशी सुरू व्हायची होती. वरातीमागून घोडं.

सहा दिवस दोघांत मिळून होते. त्या वाटेवर पहिल्याने जितके खाल्ले तितके दुसऱ्याचे गेले. सूत्राने हे मी दहा वेळा सांगितलं असतं. पण त्या मुलाने दोघांना सहा-सहा वाटून टाकल्यावर वर्गात जो गलका झाला, त्यानंतर एकूण सवड आणि मोकळी सवड यांतला फरक पुन्हा शिकवावा लागला नाही. सांगाड्याची मोकळी सवड शून्य, कारण तो एक दिवस सरकला तरी वायरिंग सरकतं.

मग उलटी मोजणी. २०२४ची अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरला. चाचणी १६ला संपली पाहिजे. २९ दिवस मागे गेलं की १९ ऑगस्ट येतो. एका मुलीने कॅलेंडर काढलं : “मॅडम, त्या दिवशी राखी आहे.” राखीला कारागीर येणार नाही, २६ ऑगस्टच्या जन्माष्टमीला नाही, ७ सप्टेंबरला गणपती बसतात तेव्हा तर नाहीच. रविवार चालू धरले. तीन सुट्ट्या वगळून पुन्हा मोजलं, सुरुवात १६ ऑगस्टला आली. पुस्तकातली नेटवर्कं दिवस १, दिवस २ असं मोजतात. तिथे सण नसतात.

पर्ट आणि सीपीएम या वेळापत्रक बांधायच्या दोन पद्धतींतला फरकही इथेच सुटला. १९५७च्या सुमारास ड्यूपाँट या रसायन कंपनीत सीपीएम घडलं, कारखान्याच्या कामांचे दिवस अनुभवाने माहीत होते. जवळपास त्याच काळात अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट आणलं, तिथे कोणालाच काही माहीत नव्हतं. वेल्डिंगचे दिवस काका डोळे मिटून सांगत होते. रंगाचं विचारलं तर म्हणाले, “ऊन पडलं तर चार. नेहमीचं म्हणशील तर पाच. झड लागली तर बारा.” चार, पाचची चौपट आणि बारा मिळवून सहाने भागलं, ६ दिवस आले. म्हणजे रंगाला एक दिवस जास्त, आणि अख्खी झांकी ३० दिवसांची. रंगाला पर्ट, लोखंडाला सीपीएम. कुंजीत या फरकावर दीड पान आहे. वर्गात या ओळीवर काम भागलं.

विभागप्रमुख एकदा तासाला येऊन मागे बसले. बाहेर पडताना म्हणाले, “छान आहे, पण परीक्षेत झांकी येणार आहे का?” प्रश्न रास्त होता. पेपर विद्यापीठाचा, त्याला झांकीशी देणंघेणं नाही. मी त्याच आठवड्यात जुने पेपर घेऊन बसले आणि प्रत्येक सरावाखाली ‘हाच प्रश्न पेपरात असा येतो’ म्हणून एक चौकट घातली. हे मी पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

जे जमलं नाही

सॉफ्टवेअर. गँटप्रोजेक्ट आणि प्रोजेक्टलिब्रे दोन्ही फुकट आहेत, दोन्ही चांगली. लॅबमध्ये ती बसवायला पासवर्ड लागत होता, आणि तो ज्यांच्याकडे होता ते महिनाभर रजेवर. शेवटी भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या आणि दोरा. चिठ्ठी हलवली की दोरा ताणला जातो आणि मागची चिठ्ठी गळून पडते. अवलंबन समजायला संगणकापेक्षा ते बरं पडलं. पण दुसऱ्या दिवशी सफाई कामगारांनी भिंत स्वच्छ करून ठेवली. सलग आठ वर्षं स्वच्छतेत पहिल्या आलेल्या शहरात तक्रार तरी कोणत्या तोंडाने करणार? पुढे चिठ्ठ्या चार्ट पेपरवर.

खर्चाचा भाग अर्धवट राहिला. समित्यांचे हिशेब आम्हाला कोणी दाखवले नाहीत, आणि दाखवावेत अशी अपेक्षाही नव्हती. अर्जित मूल्याचं गणित, म्हणजे ठरलेलं काम, झालेलं काम आणि खर्च यांची तुलना, मी मनाने धरलेल्या आकड्यांवर केलं. एकूण ३ लाख. आजवर दीड लाखाचं काम व्हायला हवं होतं, झालं १ लाख २० हजारांचं, खर्च १ लाख ६० हजार. वेळेचा निर्देशांक ०.८, खर्चाचा ०.७५, आणि याच चालीने गेलं तर शेवटी ४ लाख. गणित सुटलं. मग कोणीतरी म्हणालं, “पण चार येणारच नाहीत ना, वर्गणी तीनच आहे.” पुस्तकातली सूत्रं तारीख आणि पैसे वाढतील असं गृहीत धरतात. तिसऱ्या हत्तीसाठी त्यांत जागा नाही. मी फळ्यापुढे तशीच उभी राहिले आणि हा प्रश्न वहीत लिहून ठेवला. तो अजून तिथेच आहे.

प्रकल्प संपला म्हणजे यशस्वी झाला का, हा धडा शहराने शिकवला. इंदूरच्या बीआरटीएसवर, म्हणजे फक्त बससाठी राखलेल्या मार्गावर, आयबस मे २०१३मध्ये धावू लागली. आमचं सत्र संपत आलं तेव्हा, नोव्हेंबर २०२४मध्ये, मुख्यमंत्र्यांनी तो मार्ग हटवण्याची घोषणा केली. पुढे फेब्रुवारीत उच्च न्यायालयाची परवानगीही मिळाली. वर्गातली निम्मी मुलं रोज त्याच बसने येणारी. तासाचा विषय मी बदलला आणि बोलणं त्यांच्यावर सोडून दिलं. गाडीवाल्यांचं आणि बसवाल्यांचं शेवटपर्यंत जमलं नाही.

दुसरं वर्ष

२०२५च्या जुलैत नवी तुकडी आली. माझ्याकडे आता ३४ पानांची पुस्तिका होती. सहा आटोपशीर धडे, मूळ पुस्तकाचं श्रेय पहिल्याच पानावर, झांकीचे नऊ सराव, जुन्या पेपरांच्या चौकटी. मागच्या वर्षीच्या वह्या नव्या मुलांकडे माझ्याआधी पोचल्या होत्या, हेही मला ठाऊक होतं. वसतिगृहात त्यांचा भाव काय असतो तेही कळलं.

मी तोच सराव दिला. तेच २९ दिवस, त्याच तीन सणांना सुट्टी, शिवाय १५ ऑगस्ट दरवर्षी बंद धरायचा. या वर्षी अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला, म्हणजे ११ दिवस आधी. बऱ्याच जणांनी जुन्या वहीतल्या १६ ऑगस्टमधून ११ वजा करून ५ ऑगस्ट लिहिला. सुबक अक्षर, खाली दोन रेघा. मोबाइलवर यंत्राला विचारलेल्यांची उत्तरं आणखी सुबक होती आणि त्यांत एकही सुट्टी नव्हती.

एका मुलाने मात्र बोटांवर मोजलं. चाचणी ५ सप्टेंबरला संपवायची. राखी ९ ऑगस्टला, जन्माष्टमी १६ला, गणपती २७ला. मागच्या वर्षी काम १६ ऑगस्टला सुरू होत होतं, त्यामुळे स्वातंत्र्यदिन आदल्याच दिवशी बाहेर राहिला. या वर्षी तो मधे सापडला. चार सुट्ट्या झाल्या. सुरुवात ४ ऑगस्टला.

“सण अकरा दिवस आधी आला, पण काम बारा दिवस आधी सुरू करायचं,” तो म्हणाला आणि खात्री करायला पुन्हा मोजू लागला.

ती तारीख मी काकांना फोनवर सांगितली. ते म्हणाले, चारला सोमवार आहे, बरा आहे, आणि पुतळेवाल्याला आजच सांगून ठेवा.

२०२६ची अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला आहे. उत्तर इथे लिहीत नाही. पुढची तुकडी हे वाचणार आहे.